खाणीच्या डंपावर रान परत येईल का?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या शैक्षणिक वर्षी जुलै महिन्यात आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने डिचोली तालुक्यातील आमच्या गावाजवळच्या एका बंद खाणीच्या डंपावर वृक्षारोपण केले. मी तेव्हा प्रथम वर्षात होते. परवानगी मिळाली होती, रोपे मिळाली होती, आणि पाऊस तर धो धो कोसळत होता. आम्ही ओळीने खड्डे खणले, आंबा, फणस, जांभूळ आणि माट्टीची रोपे लावली, चिखलाने भरलेल्या हातांनी छायाचित्र काढून घेतले आणि 'आता येथे रान होणार' असे म्हणत खाली उतरलो.

मे महिन्यात मी एकटीच ती रोपे पाहायला गेले. ओळीमागून ओळी सुकल्या होत्या. जिवंत रोपे हाताच्या बोटांवर मोजता आली. त्यातलेही एक उपटून पाहिले तेव्हा त्याची मुळे पिशवीतल्या मातीच्या गोळ्याबाहेर वीतभरही गेली नव्हती. भांड्यात वाढावीत तशी ती जागच्या जागी गोल फिरली होती.

घरी आल्यावर ही हकिकत बाबांना सांगितली. बाबा चहा पीत होते. रोपे नेमकी कोठे लावली ते त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारून जाणून घेतले आणि मग शांतपणे म्हणाले, "बाये, तुमी झाडां रस्त्यार लायल्यांत." म्हणजे, तुम्ही झाडे रस्त्यावर लावलीत! ज्या सपाट जागेवर आम्ही हौसेने ओळी आखल्या, त्याच जागेवरून बाबांचा आणि त्यांच्यासारख्या कित्येकांचा टिपर कित्येक वर्षे भरून जात होता आणि रिकामा होऊन परत येत होता. चाकांखाली दाबून दाबून ती माती फरशीसारखी झाली होती. वर दोन पावसाळ्यांचे गवत आले म्हणून आम्हांला ती जमीन वाटली.

हा लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. खाणीने उकरलेल्या जागेवर रान परत आणता येते का, आणि येत असेल तर कसे, हे मी गेले वर्षभर जमेल तसे वाचून, विचारून आणि पाहून समजून घेण्याचा प्रयत्न केला. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे चुका आढळल्यास प्राध्यापकांनी त्या दाखवून द्याव्यात, अशी विनंती आहे.

डंप म्हणजे काय?

आमच्या डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या मुलांना डंप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; परंतु पेडणे, काणकोण किंवा सिंधुदुर्गातून येणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी थोडे स्पष्ट करते. गोव्यातले लोहखनिज उघड्या खाणीतून काढतात. म्हणजे बोगदा खणत नाहीत, तर डोंगरच वरून सोलत नेतात. सर्वांत वर जांभा दगड आणि त्यावरची पातळ माती, खाली पिवळी, गुलाबी, जांभळट अशी चिकणमाती, आणि तिच्यात खनिजाचे पट्टे. एक टन खनिज मिळवण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन माती आणि दगड बाजूला टाकावे लागतात. या टाकाऊ मातीचे जे ढीग होतात, तेच डंप. काही डंप इतके उंच आहेत की नवख्या माणसाला ते डोंगरच वाटावेत.

पण डंप हा डोंगर नव्हे. तो उलटा केलेला डोंगर आहे. जी माती लाखो वर्षे खोल अंधारात होती ती वर येते, आणि जी वीतभर सुपीक माती वर होती ती कोठेतरी तळाशी गाडली जाते. तीच वीतभर माती रानाचे खरे भांडवल असते. कुजलेला पाला, गांडुळे, वाळवी, बुरशीचे धागे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेले बी, हे सारे तिच्यात असते. खालच्या चिकणमातीत यांतले काहीच नसते. नत्र जवळजवळ नसते. स्फुरद थोडेफार असले तरी लोहाचे प्रमाण जास्त असल्यामुळे ते लोहाशीच घट्ट बांधले जाते आणि मुळांना मिळत नाही. उन्हाळ्यात ही माती विटेसारखी कडक होते, पावसाळ्यात वरचा थर चिखल होऊन वाहू लागतो आणि खाली पाणी मुरत नाही.

आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. उघड्या डंपावर हा पाऊस पडला की घळी पडतात, आणि तो गाळ ओहोळातून शेतात, कुळागरात आणि शेवटी मांडवी-झुआरीच्या पात्रात जातो. आमची ओहोळाकाठची भातशेती अशाच लाल-पिवळ्या गाळाखाली गेली. आजी अजूनही त्या जागेला 'शेत' म्हणते. मी मात्र तेथे कधी भात पाहिलेला नाही.

ही गोष्ट सांगताना मला एक दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अप्रामाणिक ठरेन. आमचे घर टिपरच्या पैशांतून बांधले गेले. माझी शाळेची फी, आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, सगळे त्याच पैशांतून झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली, तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. टिपर अंगणाबाहेर उभा राहिला आणि बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडले. डिसेंबर २०२२ पासून नव्याने लिलाव होऊ लागले. या सगळ्या काळात आमच्या घरी दोन मते होती. बाबा म्हणत, खाण नसली तर खायचे काय? आजी म्हणे, डोंगर नसला तर प्यायचे काय? दोघांचेही खरे होते, हे मला आता कळते.

ऑस्ट्रेलियाहून आलेला पाहुणा

डंप हिरवे करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. रस्त्याने जाताना जे दाट हिरवे डंप दिसतात, त्यांवर बहुतेक ठिकाणी एकच झाड आहे: ऑस्ट्रेलियन आकेशिया, म्हणजेच ऑस्ट्रेलियन बाभूळ. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या बाजूचे हे झाड. त्याला आपण जी पाने समजतो ती वस्तुतः पाने नसून चपटे झालेले देठ असतात. ते जाड आणि चिवट असल्यामुळे पाणी कमी उडते. मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतले नत्र पकडतात, म्हणून नत्र नसलेल्या मातीतही ते झपाट्याने वाढते. शिवाय गुरे त्याला तोंड लावत नाहीत. उघडा डंप लवकर झाकायचा आणि गाळ थांबवायचा, एवढाच प्रश्न असेल तर या झाडाने चांगली नोकरी बजावली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण एकदा आत जाऊन पाहावे. आमच्या जवळच्या डंपावरच्या आकेशियाच्या बनात मी गेले तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती शांतता. खाली कोयतीच्या आकाराच्या सुक्या पानांचा जाड थर होता. ही पाने सावकाश कुजतात आणि उन्हाळ्यात एक काडी पुरे होते. झुडपे जवळजवळ नाहीत. असलीच तर कडेला रानमोडी, म्हणजे तीही परदेशी. फळ नाही, म्हणून फळ खाणारा पक्षी नाही. आणि पक्षी नाही म्हणून दुसऱ्या झाडाचे बी आणणारा कोणी नाही. आजीला मी एकदा तेथे नेले. ती नेहमीच्या सवयीने काहीतरी खुडायला वाकली आणि तशीच सरळ झाली. खुडण्यासारखे काही नव्हतेच. ज्या डोंगरावर तिने आयुष्यभर करवंदे, चुन्ने, अळंबी, सरपण, वाखाचे दोर आणि औषधाच्या साली गोळा केल्या, त्या डोंगराच्या जागी आता नुसताच हिरवा रंग होता.

येथे मला पहिला मुद्दा समजला. हिरवे होणे आणि रान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पाच-सात वर्षे लागतात. दुसरीला पिढ्या लागतात, आणि तिची सुरुवात झाडापासून होत नाही.

आधी झुडूप, मग झाड

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक सडा आहे. तेथे खाण पोचली नाही. जांभ्याच्या उघड्या खडकावर, जेथे ढेकळाएवढीच माती आहे, तेथे रान कसे उभे राहते ते आजीने मला हाताला धरून दाखवले. खडकाच्या फटीत प्रथम गवत. गवताच्या आधाराने करवंदीची जाळी. आणि त्या जाळीच्या बरोबर मध्यावर, काट्यांच्या आड, गुडघाभर उंचीचे जांभळाचे रोप! ते तेथे कोणी लावलेले नव्हते. जांभूळ खाऊन बुलबुलासारखा एखादा पक्षी करवंदीवर येऊन बसला, त्याने बी टाकले, ते सावलीत आणि ओलाव्यात रुजले, काट्यांमुळे गुरांनी ते खाल्ले नाही. दहा-पंधरा वर्षांनी हेच जांभूळ करवंदीच्या डोक्यावर छत्र धरील. "पयलीं झोंप, मागीर झाड," आजी म्हणाली. आधी झुडूप, मग झाड.

पुस्तकात याच गोष्टीला अनुक्रमण म्हणतात, आणि अशा झुडपाला 'दाई वनस्पती' म्हणता येईल. आम्ही डंपावर नेमके उलटे केले होते. तान्ह्या मुलाला दाईशिवाय उन्हात ठेवावे तसे आंब्या-फणसाला उघड्या चिकणमातीत ठेवले होते.

मग डंपावर दाईचे काम कोण करील? आपल्याच भागात अशी कितीतरी मंडळी आहेत. पहिली फळी गवताची आणि शेंगावर्गीय लहान झुडपांची. वाळ्याची खोल मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. खुळखुळा, ज्याच्या सुक्या शेंगा आपण लहानपणी वाजवत असू, तो मुळांवरच्या गाठींनी नत्र जमवतो आणि मेल्यावर ते मातीला देतो. दुसरी फळी चिवट झुडपांची. धायटी अगदी नापीक उतारावरही तग धरते, आणि तिच्या लाल फुलांवर शिंजीर येतात. कुड्याला गुरे तोंड लावत नाहीत, तोडला तरी तो पुन्हा फुटतो, आणि त्याचे केसाळ बी वाऱ्यावर दूर जाते. करवंद, चुन्ने (घाटावर ज्याला तोरण म्हणतात) आणि पिटकोळी ही पक्ष्यांना जेवायला बोलावतात. मुरुडशेंगेच्या सालीचा वाख निघतो. ओलाव्याच्या घळीत मोठ्या गोल पानांचा चांदाडा भराभर वाढतो आणि सावली देतो.

त्यांच्या मागून झाडे. नत्र जमवणारे करंज आणि पांगारा, खडकाळ जागी टिकणारी सावर, जाड सालीमुळे वणव्यातून वाचणारा कुंभा, आणि मग किंदळ, जांभूळ आणि माट्टी. माट्टी म्हणजे घाटावरचा ऐन. तो गोव्याचा राज्यवृक्ष आहे. भिरंड किंवा फणस यांची पाळी सावली आणि ओल तयार झाल्यावर.

या सर्वांखाली एक न दिसणारी भागीदारी चालते. बहुतेक रानझाडांच्या मुळांत एक प्रकारची बुरशी राहते. तिचे धागे मुळांपेक्षा फार दूरवर आणि बारीक भेगांत जातात, पाणी आणि स्फुरद आणून झाडाला देतात, आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. डंपाच्या मातीत ही बुरशी नसते. म्हणून रानातल्या मोठ्या झाडाखालची ओंजळभर माती प्रत्येक खड्ड्यात टाकणे हे कधी कधी पोतेभर खतापेक्षा मोलाचे ठरते.

इतरत्र काय झाले?

असे प्रयत्न इतरत्र झाले आहेत का, हे शोधताना मला तीन उदाहरणे विशेष वाटली.

पहिले नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीचे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तेथील टाकाऊ ढिगांवर प्रयोग केले. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर जी मळी उरते ती त्यांनी मातीत मिसळली, आणि रोपांच्या मुळांना नत्र जमवणारे जिवाणू आणि वर सांगितलेली बुरशी यांची लागण केली. म्हणजे एका धंद्याचा कचरा दुसऱ्या धंद्याच्या कचऱ्यावर घालून त्यांनी माती तयार करायला घेतली! मग त्यात झाडे जगली.

दुसरे उदाहरण राजधानी दिल्लीला लागून असलेल्या गुरुग्रामचे. तेथे अरवलीच्या टेकड्यांवर दगडाच्या खाणी होत्या. त्या जवळजवळ चारशे एकर उजाड जागेवर २०१० पासून नागरिकांच्या एका गटाने विजय धस्माना यांच्या मार्गदर्शनाखाली अरवलीचे मूळ रान उभे करायला घेतले. त्यांनी कोणत्याही रोपवाटिकेतली मिळतील ती रोपे आणली नाहीत. अरवलीत जुने रान जेथे शिल्लक आहे तेथील बी गोळा करून धोक, सालई अशी स्थानिक रोपे स्वतः तयार केली. जवळची मांगर बनी ही देवराई त्यांना नमुन्यासारखी उपयोगी पडली. २०२२ मध्ये या जागेला, संरक्षित वन नसूनही जैवविविधता राखणारे क्षेत्र म्हणून देशातली पहिली मान्यता मिळाली.

तिसरे उदाहरण खाणीच्या जमिनीचे नव्हे, खाणीतल्या माणसांचे आहे, आणि मला ते सर्वांत जवळचे वाटते. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याखालच्या खडकाळ जागेवर परदेशी वेड्या बाभळीने कब्जा केला होता. २००६ पासून प्रदीप कृष्ण यांनी तेथे मरुभूमीची मूळ झाडे लावायला सुरुवात केली. पण बाभळीची मुळे कठीण खडकात खोल गेलेली, ती काही केल्या निघेनात. शेवटी त्यांनी पिढ्यान् पिढ्या दगड काढणाऱ्या खांडवालिया लोकांना बोलावले. ही माणसे हातोडीने खडक ठोकून त्याचा आवाज ऐकत आणि खडक कोठे फुटेल ते सांगत. त्यांनी मुळापर्यंत खड्डे खणले, आणि त्याच खड्ड्यांत नवी रोपे लागली. खडक फोडण्याचेच ज्ञान रान उभारण्याच्या कामी आले.

हे वाचले तेव्हा मला बाबांचे वाक्य पुन्हा आठवले.

कायदा आणि वीतभर माती

खाणीच्या नियमांत याविषयी काहीच नाही असे समजू नये. १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांतच असे म्हटले होते की, वरची सुपीक माती वेगळी काढावी, वेगळी साठवावी आणि जमीन पूर्ववत करण्यासाठी वापरावी. २००३ पासून खाण बंद करण्याची योजना आधीच सादर करणे आवश्यक झाले. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, खाणकाम संपल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत उगवेल अशी व्यवस्था पट्टेधारकाने स्वखर्चाने करावी, म्हणजे गुरांना चारा मिळेल आणि वनस्पती व प्राणी परत येतील. निकालात झाडांऐवजी गवताचा उल्लेख आहे हे वाचून मला आनंद झाला. आजीची पहिली पायरी न्यायालयालाही पटली, असे मी तिला सांगितले.

वरची माती वेगळी ठेवण्याचे महत्त्व किती, हे पश्चिम ऑस्ट्रेलियात दिसून आले. तेथील जॅरा वृक्षांच्या रानात बॉक्साइटच्या खाणी आहेत; जमीन आपल्यासारखीच जांभ्याची. तेथे एका खड्ड्यावरची माती सोलून ती न साठवता लगेच दुसऱ्या, काम संपलेल्या खड्ड्यावर पसरण्याची पद्धत आहे, कारण त्या मातीत रानाचे बी जिवंत असते आणि ढीग करून ठेवल्यास ते मरते. आणखी एक गंमत अशी की, आरंभी तेथेही देशाच्या दुसऱ्या टोकाची निलगिरी लावत. पुढे ते सोडून तिथलीच जॅरा आणि मॅरी ही झाडे लावू लागले. म्हणजे ऑस्ट्रेलियातही परक्या झाडाने भागले नाही!

आपल्याकडचे जुने डंप मात्र या सर्वांच्या आधीचे आहेत. पोर्तुगीज काळात खाणींचे जे परवाने दिले गेले, त्यांत वीतभर मातीचा विचार कोण करणार? त्यामुळे तेथे माती परत आणण्याचा प्रश्न नाही, ती नव्याने घडवण्याचाच प्रश्न आहे.

आमचा लहानसा तुकडा

या जुलैमध्ये आम्ही आठ जणांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी छायाचित्र काढले नाही. परवानगी घेतली आणि आमच्या अंगणाएवढाच तुकडा निवडला. जागा बाबांनी दाखवली. टिपर कोठून जात, कोणती माती शेवटी टाकली, कोणता उतार दर पावसाळ्यात घसरतो, पाणी कोठे तुंबते, हे सर्व त्यांच्या डोक्यात नकाशासारखे आहे. वर्षानुवर्षे ज्या हातांनी तो डंप रचला, त्या हातांनाच त्याची नस ठाऊक असणार. त्यांनी आणि त्यांच्या एका जुन्या सोबत्याने पिकावाने कडक थर फोडून दिला. पाणी अडावे म्हणून उताराला आडवे चर काढले, कडेला जांभ्याचे दगड रचले. वरच्या उतारावर काथ्याची जाळी अंथरली, तिच्यात गवताचे ठोंब खोचले.

बी आजीने जमवून दिले. त्यासाठी वेळापत्रक लागते, हे मला ठाऊक नव्हते. धायटी आणि कुड्याचे बी उन्हाळ्यात, करवंद आणि चुन्ने मे महिन्यात खाता खाता. जांभळाचे बी सुकले की मेले. ते आठवड्याच्या आतच लावावे लागते. उलट काही शेंगावर्गीय बियांची साल इतकी कठीण, की गरम पाण्यात भिजवल्याशिवाय त्या उगवतच नाहीत. देवराईतले काही घ्यायचे नाही हा गावचा नेम आहे, म्हणून आम्ही सीमेबाहेर पडलेलेच बी वेचले. प्रत्येक खड्ड्यात शेणखत आणि सड्यावरच्या झाडाखालची ओंजळभर माती टाकली. आंबा-फणस लावले नाहीत. मधून मधून सुक्या फांद्या उभ्या रोवल्या. पक्ष्यांना बसायला जागा हवी, म्हणून.

आज डिसेंबर अखेर खुळखुळा शेंगांवर आला आहे. धायटीची बरीच रोपे जगली आहेत. करवंद अगदीच हळू आहे. चांदाड्याचे एकच रोप राहिले. एका रोवलेल्या फांदीखाली विष्ठेतून पडलेले कसलेसे बी रुजलेले दिसले. आजीलाही ते ओळखता आले नाही, 'पान मोठे होऊ दे' म्हणाली. अजून उन्हाळा जायचा आहे, म्हणून याला मी यश म्हणत नाही.

आणि यश आले तरी काय आले, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. डोंगराच्या पोटात जो झरा होता तो डंपावर रान आल्याने परत येणार नाही. आमचे शेतही परत येणार नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांनी म्हटले होते की, मोडलेली जमीन पुन्हा उभी करणे ही निसर्गाविषयीच्या आपल्या ज्ञानाची खरी कसोटी आहे. त्या कसोटीत आपण काठावर उत्तीर्ण झालो, तरी त्यातून नवा डोंगर मोडण्याचा परवाना मिळतो असे नव्हे. 'नंतर झाडे लावू' हे वाक्य खाणीआधी म्हणणे सोपे असते. ते खाणीनंतर करून पाहावे!

परंतु जे डंप उभे आहेत त्यांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या पिढीपुढे आहेच. गोव्यात त्यांची कमतरता नाही. आकेशिया एकदम तोडून टाकावा असे मी म्हणणार नाही. माती पुन्हा उघडी पडेल. तो टप्प्याटप्प्याने विरळ करून त्याच्या सावलीत कुडा, करवंद, किंदळ आणता येईल. त्यासाठी रोपवाटिका लागतील, बी ओळखणारी माणसे लागतील, उतार समजणारी माणसे लागतील. ती माणसे आपल्याच घरांत रिकामी बसली आहेत. बाबांना त्या दोन दिवसांची मजुरी कोणी दिली नाही. पण या कामाला मजुरी असावी, हे मला तेव्हा प्रकर्षाने वाटले. ज्यांनी पोटासाठी डोंगर उतरवला, त्यांना पोटासाठीच तो झाकू द्यावा.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती करून थांबते. मे महिन्यात रानमेवा खाल तेव्हा बिया फेकू नका. करवंद, चुन्ने, जांभूळ, जे असेल ते धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून, पुडीवर गावाचे नाव लिहून जून महिन्यात महाविद्यालय उघडताच राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीत आणून द्या. जांभळाचे बी मात्र थांबणार नाही. ते त्याच आठवड्यात आमच्या घरी पोचवा. आजीने पिशव्या भरून ठेवल्या आहेत.